दोन चिंचांमधली दोरी

दोनचिंचेच्या वाडीला येणाऱ्या माणसाला ख्रिस्ताचं देऊळ दिसायच्या आधी दोरी दिसते. देवळाच्या दारासमोर दोन जुन्या चिंचा आहेत आणि या चिंचेपासून त्या चिंचेपर्यंत अंबाडीची दोरी ताणलेली असते. एरवी ती मोकळीच असते. पण बाप्तिस्म्याच्या रविवारी तिच्यावर तान्ह्या लेकरांची दुपटी आणि लंगोट वाळत असतात. पाहुणे चमकतात. देवाच्या दारात हे काय, असं त्यांच्या तोंडावर उमटतं. मग देवळाची झाडलोट बघणाऱ्या शेवंताबाई त्यांना सावलीला बसवतात, तांब्याभर पाणी देतात आणि दोरीची गोष्ट सांगतात. त्यांनी ती आजेसासूकडून ऐकली. आजेसासूनं कुणाकडून ऐकली ते देवाला ठाऊक.

फार मागची गोष्ट आहे, म्हणे. तेव्हा देवळाच्या भिंती झाल्या होत्या, पण वर पाचटाचंच छप्पर होतं. वाडीत ख्रिस्ती घरं थोडी, आणि त्यातलं जाणतं घर एस्तेरबाईचं. एस्तेरबाई लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकलेली. शास्त्रातलं कुठलंही वचन विचारा, तिला तोंडपाठ. बायका अडल्या की तिच्याकडे जायच्या. ती सांगायची ते खरंच असायचं, पण सांगताना तिची नजर समोरचीच्या लुगड्यावरच्या डागावर असायची.

देवळाच्या त्याच ख्रिस्ती मंडळीत ठमाबाई होती. खालच्या वाड्यातली, नवऱ्यामागं एकटी राहिलेली, नुकताच बाप्तिस्मा झालेली. तिला प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नव्हती, मधेच अडायची आणि शेजारणीच्या तोंडाकडं बघायची. प्रभूच्या मेजाशी दोघी एकाच भाकरीचा तुकडा घ्यायच्या. पण घरी आलं की एस्तेरबाईचा घडा वेगळा. ठमाबाईच्या हातचं पाणी ती पीत नव्हती. ख्रिस्ती झाल्यावर हे सुटायला हवं होतं. सुटलं नव्हतं, आणि कुणी बोलतही नव्हतं.

त्या साली ऊन लवकर तापलं आणि वाडीतल्या तान्ह्या लेकरांना हगवण लागली. आया घाबरून गेल्या. एस्तेरबाईचं पहिलं लेकरू असंच गेलं होतं. दुसरा शमुवेल, अंगावर पिणारा. तो झोपला की एस्तेरबाई त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. मग पुन्हा बघायची. हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. शास्त्र सांगणाऱ्या बाईनं भ्यायचं कसं?

अशात बाप्तिस्म्याचा रविवार आला. शहराकडून पाळकबाबा यायचे होते. मंडळीतली विश्वासात पोक्त झालेली एक बाई निवडून तिला ते 'मंडळीची आई' नेमणार होते. ती एस्तेरबाईच, यावर वाडीत चर्चाच नको होती. एस्तेरबाईनं पांढरं लुगडं काढलं. शमुवेलसाठी तिनं बोर्डिंगातल्या टाक्यानं लाल क्रूस भरलेलं दुपटं केलं होतं, त्यात त्याला गुंडाळलं. पण त्याला मांडीवर न घेता तिनं सासूकडं, गोदाबाईकडं दिलं.

"तुम्ही मागं बसा आत्याबाई. मला पुढं उभं राहून स्तोत्र म्हणायचंय."

गोदाबाई म्हणाली, "बसते की. मला काय, पुढं बसून कुठं शेंदूर लागायचाय?"

"आत्याबाई! देवळात तरी असलं बोलू नका."

"बरं बाई. आता तूच शिकव."

पाळकबाबा दारात पाऊल टाकणार, तेवढ्यात कुणाच्या तरी लेकरानं सतरंजी भरवली. त्याची आई, कोवळी पोरगी, लाजेनं अर्धी झाली. पदरानंच पुसायला लागली. एस्तेरबाई उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे देवाचं घर आहे. ज्यांना लेकरं सांभाळता येत नाहीत त्यांनी बाप्तिस्म्याची वेळ होईपर्यंत बाहेर चिंचेखाली बसावं."

एकेक आई उठली. ठमाबाईला लेकरू नव्हतं, पण तीही उठली. एस्तेरबाईला वाटलं, बरं झालं, हिला आपोआप कळलं.

आराधना सुरू झाली. एस्तेरबाई पुढं उभी राहून स्तोत्र म्हणू लागली. मोठं स्तोत्र, एक शब्द चुकला नाही. आणि मधेच मागून रडणं आलं. तिनं ते ओळखलं. आईला ओळखू येतंच. आधी किरकिर, मग पोटात कळ आल्यासारखी किंकाळी. मागच्या बायकांनी नाकाला पदर लावला असणार, हे तिला न बघताही दिसलं.

मागं वळायला किती वेळ लागतो? पण वळली असती तर सगळ्यांना कळलं असतं की तिचंही लेकरू घाण करतं, आणि तिनंच घातलेल्या नियमानं तिला बाहेर जावं लागलं असतं. ती वळली नाही. उलट तिनं आवाज चढवला. असं सांगतात की स्तोत्राचं शेवटचं कडवं तिनं इतक्या जोरात म्हटलं की छपरातल्या चिमण्या उडाल्या. लोकांना वाटलं, काय विश्वास आहे! रडणं दाराकडं गेलं, बाहेर गेलं आणि थांबलं.

पहिल्या लेकराचं रडणंही असंच थांबलं होतं.

पुढं पाळकबाबा काय बोलले ते तिनं ऐकलं नाही. आमेन झालं न झालं तोच ती दाराबाहेर आली. चिंचेखाली आया बसल्या होत्या. ठमाबाईनं आपली मोळी बांधायची दोरी घरून आणून दोन्ही झाडांना बांधली होती आणि तिच्यावर धुतलेली दुपटी ओळीनं टाकली होती. मधोमध लाल क्रूसाचं दुपटं लटकत होतं, पाणी ठिबकत होतं.

एस्तेरबाई आधी लेकराकडं धावली नाही. ती आधी दोरीकडं गेली. मागून लोक बाहेर यायच्या आत ते दुपटं काढून पदराखाली घ्यावं, एवढंच तिच्या मनात आलं. हात वर गेला, आणि तेव्हा तिला दोरीपलीकडं शमुवेल दिसला. ठमाबाईच्या मांडीवर तो उघडाच पडला होता. ठमाबाई आपल्या घरच्या मडक्यातलं पेजेचं पाणी बोटानं त्याच्या तोंडात सोडत होती, आणि तो ते बोट चोखत होता.

ज्या हातचं पाणी आई पीत नव्हती, त्या हातचं पाणी पिऊन लेकरू निवलं होतं.

ठमाबाईनं वर पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, पोटातली कळ थांबलीय आता. घाबरू नका. घ्या अंगावर."

तोवर मंडळी बाहेर आली होती. कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "एवढं नक्षीचं कुणाचं गं हे?" पाळकबाबाही उभे राहिले. गोदाबाई सगळं जाणून होती, पण ती खाली बघत गप्प राहिली. एस्तेरबाईच्या हातात दुपट्याचं ओलं टोक होतं. माझं नाही, असं म्हणायला ओठ हललेही, असं सांगतात.

मग ती म्हणाली, "माझ्या लेकराचं." आवाज फुटला नाही नीट. म्हणून पुन्हा म्हणाली. "माझ्या लेकराचं आहे. आत रडत होता तोही माझाच. मी ऐकलं, आणि वळले नाही."

एस्तेरबाईनं शमुवेलला छातीशी धरलं, मग गोदाबाईकडं दिलं आणि ठमाबाईपुढं ओंजळ धरली. तिनं घातलेलं पाणी ती प्यायली. शेजारी घाण लंगोटांचा ढीग राहिला होता, तो उचलला.

"नको बाई," ठमाबाई दचकली. "तुमचं पांढरं लुगडं."

"असू दे."

देवळामागं ओढ्याचा डोह आहे. तिथं त्या दोघी, एक घासायची, एक पिळायची. पाळकबाबांनी त्या दिवशी कुणालाच नेमलं नाही. ते काठावर आले, बाह्या वर सारल्या आणि पिळलेलं एकेक दुपटं नेऊन दोरीवर टाकत राहिले; बाप्तिस्मे दुपटी वाळल्यावर झाले. पुढच्या खेपेला त्यांनी 'मंडळीची आई' म्हणून ठमाबाईचं नाव घेतलं. ती रडायलाच लागली, म्हणे. "मला एक वचन येत नाही, बाबा." पाळकबाबा म्हणाले, "ते एस्तेरबाई शिकवेल. तिला जे येत नव्हतं ते तू शिकवलंस."

त्या उन्हाळ्यात वाडीच्या विहिरी कोरड्या पडल्या, पण डोह आटला नाही, असं सांगतात. शेवंताबाई म्हणतात, आटलाही असेल, पण धुण्यापुरतं पाणी राहिलं.

एस्तेरबाईनं ते स्तोत्र पुन्हा कधी पुढं उभं राहून म्हटलं नाही. डोहावर दुसऱ्यांच्या लेकरांचं धुणं पिळताना मात्र ते तिच्या ओठांत असायचं. आणि कुठल्याही घरातलं लेकरू रडलं की ती म्हातारपणीही चटकन मागं वळायची.

आजही दोनचिंचेच्या वाडीत कुणी मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, झाला, मग तो शिकलेला असो, मास्तर असो, शहरात नोकरीला असो, तर त्याला पहिल्या बाप्तिस्म्याच्या रविवारी देवळात पुढं बसायला मिळत नाही. तो डोहावर बसून सगळ्या लेकरांची दुपटी धुतो आणि स्वतःच्या हातानं दोरीवर टाकतो. काठावरच्या बायका मुद्दाम नाकाला पदर लावून विचारतात, "कुणाचं हो हे?" नवा वडील लाजतो, मान खाली घालतो. पण उत्तर एकच असतं, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं द्यावं लागतं:

"माझ्या लेकराचं."