मध, तूप आणि एक इंग्रजी शब्द

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे पौर्णिमेच्या पूजेला एक जोडपं आलं. हातात फुलांची परडी होती, आणि कपड्यांनी भरलेली एक बॅगही होती. पूजेला बॅग कशाला, असं गुरुजींच्या मनात आलंच असेल. पण त्यांनी विचारलं नाही.

नवरा त्यांचा जुना शिष्य. लहानपणी त्यांच्याच ओसरीवर बसून स्तोत्रं शिकलेला, आता महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा. त्याची पत्नी ऋजुता तुळशी आणायला परसात गेली, तशी तो खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, मेहूण म्हणून आज बसतो, पण हे शेवटचंच. पूजा आटोपली की ऋजुता माहेरी जाणार. परत न येण्यासाठी."

"भांडलात?"

"नाही हो. भांडण असतं तर मिटवलं असतं. इंग्रजीत एक शब्द आहे, कंजीनिअल. आमच्यात नेमकं तेच नाही."

"मला कुठलं येतंय तुझं इंग्रजी! अर्थ सांग."

शिष्यातला शिक्षक जागा झाला. "समान प्रकृतीचे, समान आवडीचे, आणि म्हणून एकमेकांच्या सहवासात निवांत असणारे. माणसांना लावतात हा शब्द, जागेलाही लावतात. जिथं बसलं की उठावंसं वाटत नाही, ती जागा कंजीनिअल."

"गोड शब्द आहे. आता वाक्यात उपयोग कर."

"आम्ही दोघं कंजीनिअल नाही."

"हा नकार झाला. नकाराला मी गुण देत नाही, तुला माहीत आहे. होकाराचं वाक्य कर."

शिष्य चौरंगाकडे बघत राहिला. "तेच तर कोडं आहे, गुरुजी. आमचं शिक्षण समान, वय समान, आवडीसुद्धा समान. घरातली कामंही अगदी निम्मी निम्मी. तरी घरात निवांत म्हणून वाटत नाही."

"बरं. वाक्य राहू दे. तोवर पंचामृत कर."

शिष्याने एकच चमचा घेतला आणि दूध, दही, तूप, मध, साखर सगळं काठोकाठ, सारखं मोजून वाटीत घातलं. गुरुजींनी वाटी उचलली, परसात नेली आणि चिंचेच्या बुंध्याशी ओतून दिली.

"गुरुजी! घरचं तूप होतं ते!"

"पुन्हा कर."

आपल्या मापातच कुठे चूक झाली, असं वाटून त्याने या वेळी चमच्यावरचा उंचवटासुद्धा बोटाने सपाट केला. गुरुजींनी दुसरीही वाटी तशीच ओतली. तुळशी घेऊन आलेल्या ऋजुताला हसू आवरेना.

"गुरुजी, मोजण्यात त्याचा हात कोण धरणार? त्याच्या तापात मी रात्रभर उशाशी बसले होते, तर बरा झाल्यावर म्हणतो कसा, 'आता तू आजारी पड, म्हणजे फिट्टंफाट!'"

"थट्टेने म्हणालो होतो मी! आणि तू? चहाचा कप पुढे करताना रोज ऐकवतेस, 'काल तू केला होतास म्हणून.'"

हसू मावळलं. दोघंही दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघायला लागले.

गुरुजी सावकाश खाली बसले. "बाळा, मध आणि तूप दोन्ही अमृतासारखी. दोन्ही गुणकारी, दोन्ही देवाला प्रिय. पण आपले जुने वैद्य सांगत आले की ही दोन समसमान मिसळू नयेत, बाधतात. म्हणून पंचामृतात एक थोडं अधिक, एक थोडं कमी. तुम्ही दोघं चांगलेच आहात. तुमच्यामध्ये जो चमचा आहे ना, तो मला भिववतो. जिथं बसलं की उठावंसं वाटत नाही, असं तूच म्हणालास. अरे, आपला वाटा पुरा झाला की नाही, या धास्तीत असलेला माणूस बसेल तरी कसा निवांत?"

ऋजुताने तुळशी तबकात ठेवल्या. तिचा आवाज थोडा चढला होता. "पण गुरुजी, कमी व्हायचं ते नेहमी एकानेच का? आणि बहुतेक घरांत ते कोण असतं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे."

"बरोबर विचारलंस, मुली. एकच नेहमी कमी राहिलं तर दुसऱ्याची चवच उरायची. या पौर्णिमेला तूप कमी, पुढच्या पौर्णिमेला मध. अट एकच, कमी झालेल्याने ते लक्षात ठेवायचं नाही, आणि अधिक मिळालेल्याने विसरायचं नाही."

मग ऋजुताने तिसरी वाटी पुढे ओढली. दूध, दही, साखर घातली, मधाची धार सोडली. शिष्याने तुपाचं भांडं उचललं. चमचा समोरच होता, त्याने तो घेतला नाही.

"किती घालू?"

"बघ तुझं तू. मी मोजत नाहीये," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत पुन्हा हसली.

गुरुजींनी ती वाटी चौरंगावर मांडली. अभिषेकाला त्यांनी ऋजुताला पुढे बसवलं आणि शिष्याला म्हणाले, "आज धार ती धरील. तू नुसता तिच्या हाताला हात लाव. पूजा दोघांचीच होते."

तीर्थप्रसाद झाला. बॅग ऋजुताने उचलायच्या आत शिष्याने उचलली. रस्ता घराकडचाच धरायचा, हे दोघांनाही न बोलताच कळलं.

"पुढच्या वळणावर मी घेते," ती म्हणाली.

"आता वळणं मोजणार का?"

पायऱ्या उतरता उतरता मागून गुरुजींचा आवाज आला, "अरे, वाक्य राहिलं की तुझं!"

शिष्य वळला. एका हातात जड बॅग, दुसऱ्या हाताचं बोट ऋजुताच्या मुठीत. तो काही बोलणार, तोच गुरुजींनी हात वर केला. "असू दे. दिसलं मला. पूर्ण गुण."

पुढच्या पूजेला आपल्या घरी पंचामृत कालवाल, तेव्हा मध-तुपापाशी क्षणभर थांबा, आणि मनातला चमचा हळूच खाली ठेवा.