साहेबांचं वॉटर्लू

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. शाळा तपासायला आलेले मॅक्लिन साहेब मराठीचा वर्गच बंद करायला निघाले.

"सपशेल हरलात की तुम्ही 'पानिपत झालं' म्हणता. हरलेल्यांची भाषा शिकवायची कशाला?"

मराठीचे टोणगावकर मास्तर नम्रपणे म्हणाले, "साहेब, इंग्रजीत एखाद्याचं वॉटर्लू झालं, म्हणजे काय हो?"

"सपशेल पराभव!"

"पण ती लढाई तर फ्रेंचांना हरवून तुम्ही जिंकलीत ना?"

"अर्थात!"

"आम्ही हरलो, म्हणून हार म्हणतो. तुम्ही जिंकूनही हारच म्हणता. आता हरलेल्यांची भाषा कोणती, ते तुम्हीच शेरेबुकात लिहा."

साहेबांनी शेरा लिहिला, 'मराठीचा वर्ग चालू ठेवावा.' इंग्रजीच्या वर्गाबद्दल मात्र त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.