वंशलोचन आणि जावयाचं डोकं

"...पण दिवाळीपर्यंत येतील का, महाराज?"

"कोण?"

"केस."

भैरवगिरी महाराजांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर बसून ते बांबूची काडी तासत होते. समोर निरंजन, म्हणजे माझे यजमान. शेजारी मी. लग्न वैशाखातलं, म्हणून अजून नवेच. निरंजन यांचा एक पाय सारखा हलत होता, आणि त्याच्याबरोबर आमची चटई.

मठ चंदगडच्या पुढे, घाटमाथ्यावर. चहूकडे बांबूची बेटं. महाराज झाडपाल्याचं औषध देतात, असं मामेसासऱ्यांनी सांगितलं होतं.

घाई दिवाळसणाची होती. आमच्या माहेरी पहिल्या दिवाळीला जावयाला पाटावर बसवतात आणि मेहुणे त्याच्या डोक्यावर वाटीभर तेल ओतून चांगलं रगडतात. मला तीन भाऊ आहेत. तिघेही तालमीतले.

निरंजननी सगळं सांगितलं. सिलिकॉन नावाचं एक द्रव्य असतं. त्वचेला लागतं, केसांना लागतं, नखांना लागतं. ते कमी पडलं की केस विरळ होतात, नखं तुटतात. बांबूच्या अर्काच्या गोळ्या त्यांनी पावसाळाभर घेतल्या. फरक शून्य. मग कुणीतरी म्हणालं, अर्कात काय आहे, अस्सल वंशलोचन मिळव. बांबूच्या पेरात साचतं ते.

"वाळूचं भावंड," महाराज म्हणाले. "बांबूत आहे. भाताच्या तुसात आहे. ओढ्याच्या पाण्यात आहे. तू रोज जेवतोस त्यातही आहे."

"मग माझी नखं का वाढत नाहीत?"

महाराजांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. निरंजन यांचा अंगठा तेव्हा दातांत होता.

...

"गोळ्या पण खातोस, नखं पण खातोस. वाढायचं कधी त्यांनी?"

अंगठा खाली आला. त्याच्या बदली दुसरा पाय हलायला लागला.

महाराजांनी कोयता दिला आणि बेटाकडे बोट दाखवलं. ज्याला वंशलोचन हवं त्याने आपलं आपण शोधायचं, ही तिथली रीत. बांबू हलवायचा आणि ऐकायचं. पेरातलं पाणी सुकून खडा झाला असेल तर आत खुळखुळतं. मगच तोडायचा.

निरंजननी हलवलं फार, ऐकलं कमी. हा सोड, तो धर. शेवटी त्या बेटातला सगळ्यांत सरळ, चकचकीत बांबू निवडला आणि कोयता चालवला. त्याच्या सालीतच इतकी वाळू की कोयत्याची धार गेली. घाम गळेपर्यंत घाव घातले, बांबू पडला, फोडला. आत काही नाही.

मी कडेला उभी होते. झुळूक आली तशी माझ्याजवळचा एक वाकडा, किड्याने भोक पाडलेला बांबू खुळखुळला. मी काही बोलले नाही.

महाराज मात्र माझ्याकडेच बघत होते. ते आले, तो बांबू तोडला, फोडला. आतून करंगळीच्या नखाएवढा पांढरा खडा निघाला.

"तुला ऐकू आलं होतं, मुली."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी विचारलं नाही."

निरंजन माझ्याकडे बघत राहिले. लग्नानंतर इतका वेळ पहिल्यांदाच.

ओट्यावर परत आलो तशी निरंजननी हात पुढे केला. खडा मधातून घ्यायचा की दुधातून, किती दिवसांनी फरक दिसेल, पथ्य काय, सगळं एका दमात विचारून झालं.

"हे असलेल्याला बळ देतं," महाराज म्हणाले. "नसलेलं उगवत नाही. असलेलं किती आहे ते आधी बघू. डोकं दाखव."

निरंजन यांचा हात डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. दोन्ही पाय थांबले.

"ते... नंतर दाखवतो. ही नसताना."

"हिच्यापासूनच लपवलंयस होय?"

...

मग खाली मान घालून, अगदी हळू, त्यांनी सांगून टाकलं. केस आले नाहीत तर दिवाळीला ते सासरी येणारच नव्हते. ऑफिसचं काम निघालं असं सांगून मला एकटीलाच पाठवणार होते. या दिवाळीला आणि पुढच्याही.

हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

महाराज आत गेले, तेलाची वाटी घेऊन आले आणि ती माझ्यापुढे ठेवली.

मी निरंजन यांच्या मागे जाऊन बसले. त्यांचा हात धरून बाजूला केला. आधी मानेकडची क्लिप काढली, मग कानांवरच्या दोन्ही. केसांचा टोप अलगद उचलून चटईवर ठेवला.

त्यांनी टोपाकडे पाहिलं, मग मान थोडी मागे वळवली.

"तुला... माहीत होतं?"

"बघायला आलात त्या दिवसापासून. पंखा पाचवर होता. तुमच्या काकांचेसुद्धा केस उडत होते."

"मग बोलली का नाहीस?"

या प्रश्नाचं उत्तर नुकतंच देऊन झालं होतं. मी तळहातावर तेल घेतलं.

डोकं गार होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा लहान. कडेने चार केस होते, तेही घाबरल्यासारखे चिकटून बसलेले. ते बघून मला हसू आलं. दाबायला गेले तर जास्तच आलं.

"हसतेस?"

"हो."

मी तेल जिरवत राहिले. कपाळापासून मागे, मागून पुन्हा कपाळाकडे. निरंजन यांची मान हळूहळू सैल पडली. खडा महाराजांच्या मांडीजवळ पडला होता. तो कुणी मागितला नाही.

"महाराज," निरंजन म्हणाले, "तिकडे हिचे तिघे भाऊ हसतील."

"हसतील," महाराज म्हणाले. "हसताना हात थांबतो का, तेवढं बघ."