केरबा तंबू धरतो

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. गावातले लोक त्याला दुसरंही काहीबाही म्हणत. पण त्याची बायको हौसा त्याला भोळाच म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू.

गावाजवळच्या नदीकाठी सरकारी रानात मुक्कामासाठी तंबू ठोकलेले होते. रविवारी जो आधी येऊन बसेल त्याचा तंबू, असा तिथला नियम. हौसाचा भाऊ आनंदा आणि भावजय पहिल्यांदाच तिच्याकडे राहायला येणार होते. जांभळीखालचा, पाण्याला लागून असलेला तंबू मिळावा आणि माहेरच्यांनी म्हणावं, 'हौसाचं बरं चाललंय', एवढीच तिची इच्छा. बिचारीला फार आस लागली होती.

तिनं केरबाला सांगितलं, जांभळीखालचा तंबू धरून ठेवा. केरबा चार दिवस आधीच गेला. एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा त्यानं कुंपणाबाहेरूनच तंबूत रुमाल टाकला आणि घरी येऊन झोपला. रुमाल वाऱ्यानं नदीत गेला.

हौसा म्हणाली, "अवो, जागा धरायची म्हंजे आपण सोता बसायचं. कोण आलं तर 'हितं मानूस येनार हाय' म्हनायचं. आन् उठायचं न्हाई."

केरबानं मान डोलावली. गोष्ट डोक्यात बसली.

शनिवारी तो पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर गेला. परतीच्या गाडीत आधी चढून त्यानं तिघांचं बाकडं अडवलं. आनंदा डोक्यावर पाटी घेऊन समोर आला.

"हितं मानूस येनार हाय," केरबा म्हणाला.

"दाजी, ती मानसं म्हंजे आमीच की."

"असाल. पर मला उठू नको म्हनून सांगितलंय."

आनंदा आणि त्याची बायको गावापर्यंत उभी राहून आली. पाटीतली अंडी मात्र आधीच उतरली, आनंदाच्या सदऱ्यावर. हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नवऱ्याला चुलीपाशी नेऊन हळूच सांगितलं, समोर माणूस उभा दिसला की आपण उठायचं, 'बसा' म्हणायचं.

केरबानं मान डोलावली. गोष्ट डोक्यात बसली.

संध्याकाळी तो न्हाव्याकडे गेला. अर्धं डोकं झालं, तोच दारात एक गिऱ्हाईक उभं दिसलं. केरबा उठला, 'बसा' म्हणाला आणि तसाच घरी आला. भावजय तोंडाला पदर लावून परसात पळाली. हौसानं कपाळाला हात लावला. हातात घेतलेलं काम शेवटापर्यंत नेल्याशिवाय सोडायचं नाही, असं तिनं बजावलं.

केरबानं राहिलेलं अर्धं डोकं डोलावलं.

रविवारी पहाटे हौसानं त्याला भाकरी, झुणका, घोंगड्या देऊन पुढं धाडलं. या खेपेला मात्र तंबू मिळाला, जांभळीखालचाच. केरबा आत बसला. थोड्या वेळानं एक अनोळखी कुटुंब समोर येऊन उभं राहिलं. केरबा ताडकन उठला. "बसा," म्हणाला.

ती माणसं बसली. पण हातातलं काम शेवटाला न्यायचं होतं. केरबानं त्यांना भाकऱ्या वाढल्या. झुणका संपेपर्यंत आग्रह केला. घोंगड्या अंथरून दिल्या. त्यातल्या एकाचा सदरा ओला होता. केरबानं काठावरच्या होडीची दोरी सोडून खुंटी रिकामी केली आणि तिच्यावर तो वाळत घातला. मग दोरी हातात धरून होडीतच जाऊन बसला, कारण दुसरीकडे जागाच उरली नव्हती.

इतक्यात हौसा माहेरच्यांना घेऊन आली. तंबूत परकी माणसं ढेकर देत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अवो, माझ्या भावाला बसायला तरी जागा ठेवलीय का?"

केरबानं पाहिलं. आनंदा उभा होता. भावजय उभी होती. तो दोरी घेऊन होडीतून खाली उतरला.

"बसा, पाव्हणं."

दोघं दमली होती. होडीत बसली. केरबाला फार बरं वाटलं. माहेरच्या माणसांना नमस्कार राहिला होता, म्हणून त्यानं दोरी सोडून दोन्ही हात जोडले.

नदी संथ होती, पण वाहती होती. वल्ही काठावरच राहिली. आनंदा 'दाजी, दाजी' करत वळणापलीकडे दिसेनासा झाला.

केरबानं आजूबाजूला नीट पाहिलं. आता एकटी हौसाच तेवढी उभी होती. तो लगबगीनं दुसरी होडी ओढायला गेला.