थंडीची वाट

फार फार जुन्या काळी, डोंगर आजच्याहून थोडे उंच होते म्हणतात तेव्हा, एका उतारावर गेनबा नावाचा माळी राहायचा. त्याचा विड्याच्या पानांचा मळा होता. तो लावला होता त्याच्या बायकोनं, भागाईनं.

मळ्याभोवती दगडी गडगा होता. पण खालच्या अंगाला माणूस जाईल एवढी जागा भागाईनं मोकळीच सोडली होती. हिवाळ्यात दिवस कलला की ती तिथला पालापाचोळा झाडायची आणि म्हणायची, "जा गं थंडीबाई, आपल्या वाटेनं जा."

"थंडीला काय पाय असतात?" गेनबा हसायचा.

"असतात तर! चांगले जड असतात, म्हणून तर ती उतारानं खाली जाते."

पुढे एका पावसाळ्यात भागाई वारली. मागे राहिला तिचा मळा. गेनबाला पानापानात तीच दिसायची. अशात एकदा त्या मोकळ्या जागेतून शेळ्या शिरल्या आणि कोवळे वेल फस्त करून गेल्या. त्यानं ती जागा दगडमातीनं पक्की बुजवून टाकली. प्रेमापोटीच हो! प्रेमापोटी माणूस काय काय करून बसतो.

हिवाळा आला. आधी गडग्यालगतचे वेल काळे पडले, दुसऱ्या सकाळी त्यांच्या वरची रांग. वरच्या टोकाला मात्र पानं हिरवीगार! गेनबानं शेकोट्या पेटवल्या. ऊब धुराबरोबर वर निघून गेली, थंडी काही हलेना. रोज एकेक रांग जाऊ लागली, तसा त्याचा धीर सुटत चालला. भागाईची एवढीच तर खूण उरली होती.

एका सकाळी त्यानं आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण ओतलं, हात घातला आणि ओरडला, "आई गं!" वर पाणी कढतच होतं, तळाशी गार. भागाई असती तर म्हणाली असती, "अहो, ढवळून घ्या की! गार पाणी जड, ते तळाशी बसतं." रोज म्हणायची. तेव्हा त्याला ती कटकट वाटायची. आज ती ऐकायला मिळावी म्हणून त्यानं काहीही दिलं असतं.

तांब्या हातातच राहिला. हवेचंही असंच की! गार हवा जड, डोंगरावरून उतरते आणि गडग्याशी साचून राहते. वाट कुणी बुजवली? आपणच!

आंघोळ टाकून तो धावला. दिवसभर दगड उपसत होता. दिवस कलताना वाट मोकळी झाली, तशी एक गार झुळूक त्याच्या घोट्यांना लागून बाहेर गेली.

"जा गं थंडीबाई," तो म्हणाला, "आपल्या वाटेनं जा."

खालचा अर्धा मळा गेला तो गेलाच. वरचा वाचला. त्या वाटेवर गेनबानं बांबूचं फाटक लावलं. शेळी अडायची, थंडी जायची. आणि विसण घातल्यावर तो पाणी ढवळायला कधी विसरला नाही.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, आपल्या माणसाची रीत हसण्यावारी नेऊ नये. ती कशासाठी आहे, हे ते माणूस आहे तोवरच विचारून घ्यावं.