झुपकीची तीन दाण्यांची शेंग

शकूमावशींच्या परसात पेरूचं झाड.
झाडात ढोली.
ढोलीत झुपकी खार.
आणि झुपकीची दोन पिल्लं. चिक् आणि पिक्.

एके दिवशी झुपकीला शेंग सापडली. भुईमुगाची शेंग. साधीसुधी नाही हं. तीन दाण्यांची!

तीन दाण्यांची शेंग म्हणजे काय, ते आमच्या शेंगांच्या दुकानात येऊन बघा. आख्खं पोतं ओतलं, तरी अशा शेंगा निघतात चार नाहीतर पाच. त्या आम्ही विकत नाही. गल्ल्याशेजारी ठेवतो. गोड पोर आलं की हातावर देतो.

झुपकीने शेंग हलवली. खुळ्ळुक खुळ्ळुक खुळ्ळुक!
"एक दाणा चिक्‌ला. एक दाणा पिक्‌ला. एक दाणा मला!"

पण पिल्लं झोपली होती. मग शेंग ठेवायची कुठे?
परसात वाळूचा ढीग होता. गोल गोल. ओला ओला.
झुपकीने ढीग उकरला. खर्र खर्र.
शेंग आत ठेवली. वर वाळू लोटली.
"आता कुणाला दिसणार नाही!"
आणि ती पिल्लांना उठवायला गेली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!

पिल्लं काही लवकर उठेनात. बऱ्याच वेळाने परत येऊन बघते तर काय?
ढीग नाही! ढिगाच्या जागी मातीचं मोठ्ठं पोट!

त्याचं असं झालं. शकूमावशींना पिझ्झा करायचा होता. विकतचा नको, घरचा. लाकडावर भाजलेला. म्हणून हणमंत मिस्त्री भट्टी बांधत होते. आधी वाळूचा गोल ढीग. ढिगावर ओला कागद. कागदावर माती. थाप थाप, थाप थाप! माती सुकली की दार कापायचं. दारातून वाळू काढायची. झाली पोकळ भट्टी!

पण झुपकीला हे काय ठाऊक? तिची शेंग तर आतच राहिली.
ढोलीतून पिल्लं ओरडली, "आई, खाऊ! आई, खाऊ!"

झुपकी भट्टीकडे गेली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!
"भट्टीबाई, भट्टीबाई, दार दे.
दार नाही, तर शेंग नाही.
शेंग नाही, तर पिल्लांना खाऊ नाही!"

भट्टी म्हणाली, "अगं अगं, नख लावू नकोस! मी अजून ओली आहे. आत्ता दार कापलं, तर मी बसेन धप्पकन! आधी मला सुकू दे. जा, ऊन घेऊन ये."

झुपकी उन्हाकडे गेली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!
"उन्हा, उन्हा, खाली ये.
ऊन नाही, तर सुकणं नाही.
सुकणं नाही, तर दार नाही.
दार नाही, तर शेंग नाही.
शेंग नाही, तर पिल्लांना खाऊ नाही!"

ऊन म्हणालं, "मी तर केव्हाचं आलेलं आहे! पण मध्ये ही पेरूची फांदी. पानंच पानं! मी उतरू कुठून? जा, फांदीला म्हण, वाट दे."

झुपकी फांदीकडे गेली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!
"फांदीताई, फांदीताई, वाट दे.
वाट नाही, तर ऊन नाही.
ऊन नाही, तर सुकणं नाही.
सुकणं नाही, तर दार नाही.
दार नाही, तर शेंग नाही.
शेंग नाही, तर पिल्लांना खाऊ नाही!"

फांदी म्हणाली, "मला काय पाय आहेत, बाजूला व्हायला? पाल्याच्या ओझ्याने कंबर वाकलीय माझी. कुणीतरी दोरी बांधून ओढा. जा, मिस्त्रींना सांग."

झुपकी मिस्त्रींकडे गेली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!
मिस्त्री मांडी घालून बसले होते. हात मातीचे. मिशाही मातीच्या.
"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, दोरी बांधा.
दोरी नाही, तर वाट नाही.
वाट नाही, तर ऊन नाही.
ऊन नाही, तर सुकणं नाही.
सुकणं नाही, तर दार नाही.
दार नाही, तर शेंग नाही.
शेंग नाही, तर पिल्लांना खाऊ नाही!"

मिस्त्री म्हणाले, "बांधतो की! पण खारुताई, गाडी चालते चाकावर आणि मिस्त्री चालतो चहावर. चहा आला की उठलोच बघ. जा, मावशींना सांग."

झुपकी मावशींकडे गेली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!
"मावशी, मावशी, चहा करा.
चहा नाही, तर दोरी नाही.
दोरी नाही, तर वाट नाही.
वाट नाही, तर ऊन नाही.
ऊन नाही, तर सुकणं नाही.
सुकणं नाही, तर दार नाही.
दार नाही, तर शेंग नाही.
शेंग नाही, तर पिल्लांना खाऊ नाही!"

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगंबाई, परत चहा? सकाळपासून तीन झाले की त्यांचे!"
तिकडून मिस्त्री ओरडले, "मावशी, पहिला मोजू नका! तो आल्या-आल्याचा!"
मावशी हसल्या. म्हणाल्या, "करते गं बाई. पण पातेल्यात दूध नाही थेंबभर. जा, ठमाबाईला सांग."

ठमाबाई म्हणजे मावशींची शेळी. काळी काळी. दाढीवाली.
झुपकी शेळीकडे गेली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!
"ठमाबाई, ठमाबाई, दूध दे.
दूध नाही, तर चहा नाही.
चहा नाही, तर दोरी नाही.
दोरी नाही, तर वाट नाही.
वाट नाही, तर ऊन नाही.
ऊन नाही, तर सुकणं नाही.
सुकणं नाही, तर दार नाही.
दार नाही, तर शेंग नाही.
शेंग नाही, तर पिल्लांना खाऊ नाही!"

ठमाबाईने दाढी हलवली. "बेंऽऽ! दे, दे, दे! जो येतो तो म्हणतो दे! आणि मला कोण काय देतं गं? खालचा पाला मी केव्हाच संपवला. वरच्या पाल्याला मान पुरत नाही. जो वरचा कोवळा पाला देईल, त्याला दूध. नाहीतर बेंऽऽ!"

बोलली ते खरंच बोलली. आमच्याकडेही नुसतं "द्या हो, द्या हो" म्हणत कुणी आलं, तर त्याला पाणी मिळतं. हातात काही घेऊन आलं, तर खुर्ची मिळते!

झुपकी विचारात पडली. शेपटी गालाला लावून बसली.
"वरचा पाला कोण देईल? हत्तीला सांगू? हत्ती लांब राहतो. उंटाला सांगू? उंट त्याहून लांब राहतो. वर कोण जातं बरं? वर कोण राहतं बरं?"
ढोलीतून चिक् आणि पिक् ओरडले, "आई, आम्ही राहतो वर!"
झुपकीने टुणकन उडी मारली.
"अगोबाई! वर तर मीच राहते! आणि मला दात आहेत की!"

झुपकी झाडावर गेली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!
"फांदीताई, थोडा पाला घेऊ?"
"घे बाई, घे! तेवढंच ओझं हलकं!"
कुरतुड कुरतुड, पान पडलं.
कुरतुड कुरतुड, डहाळी पडली.
कुरतुड कुरतुड, पाल्याचा ढीग झाला!

मग काय झालं?
ठमाबाईने पाला खाल्ला. मचमच मचमच!
पाला मिळाला, तर दूध मिळालं. चर्र चर्र!
दूध मिळालं, तर चहा झाला. खदखद खदखद!
चहा झाला, तर मिस्त्रींनी बशीत ओतला. फुर्र फुर्र!
मिशा पुसल्या आणि उठले. दोरी बांधली. हैय्या हो!
दोरी बांधली, तर फांदी सरकली. करकर करकर!
फांदी सरकली, तर ऊन उतरलं. लख्ख!

भट्टी सुकायला लागली. पण एका उन्हात थोडीच सुकते?
एक ऊन गेलं. मिस्त्रींनी भट्टीवर टिचकी मारली. थप थप. "अजून ओली!"
दोन उन्हं गेली. थप थप. "अजून ओली!"
तीन, चार, पाच, सहा उन्हं गेली. झुपकी रोज पाला पाडायची. ठमाबाई रोज दूध द्यायची. मिस्त्री रोज चहा प्यायचे. थप थप. "अजून ओली!"
सातवं ऊन आलं. मिस्त्रींनी टिचकी मारली.
टक टक!
"झाली!"

मिस्त्रींनी दार कापलं. वाळू काढायला लागले. घसर घसर!
पहिलं घमेलं भरलं. वाळू. शेंग नाही.
दुसरं घमेलं भरलं. वाळू. शेंग नाही.
तिसरं घमेलं भरलं. वाळूच वाळू. शेंग नाही!
मिस्त्रींनी हात झटकले. "संपली वाळू. मावशी, आणा काटक्या. आत जाळ करू!"
मावशींनी काटक्या आणल्या. मिस्त्रींनी काडेपेटी काढली.

"थांबा! थांबा! थांबा!"
झुपकी दारातून आत घुसली. टुणुक टुणुक, सुर्रर्र!
आत अंधार. आत गार. अगदी मागे, कोपऱ्यात, मूठभर वाळू उरली होती.
खर्र खर्र. खर्र खर्र.
बाहेर सगळे दाराशी आले. मिस्त्री वाकले. मावशी वाकल्या. ठमाबाईसुद्धा वाकली.
आणि आतून आवाज आला.
खुळ्ळुक!

झुपकी बाहेर आली. नाकावर वाळू. मिशांवर वाळू. तोंडात शेंग!
मिस्त्रींनी काडेपेटी खिशात टाकली. "अगं बया! मी तर हिची शेंग भाजूनच टाकली असती!"

झुपकीने शेंग फोडली. टच्च!
एक दाणा चिक्‌ला. कुटूम कुटूम!
एक दाणा पिक्‌ला. कुटूम कुटूम!
तिसरा दाणा झुपकीला...
पण हे काय? तिसऱ्या दाण्याला शेपटी!
पांढरी पांढरी, इवलीशी. ओल्या वाळूत राहून दाण्याला कोंब आला होता.
पिल्लं म्हणाली, "आई, खा ना!"
झुपकी म्हणाली, "शेपटीवाल्याला कसं खाऊ? तो तर आपल्यातला!"
तिने भट्टीमागे माती उकरली. दाणा ठेवला. वर माती लोटली.

मग भट्टी पेटली. पहिल्या दिवशी काटक्या. दुसऱ्या दिवशी ढलप्या. तिसऱ्या दिवशी लाकडं. हळूहळू. घाई केली तर भट्टी तडकते!
आणि चौथ्या दिवशी पिझ्झा! वर टोमॅटो, वर कांदा, वर चीज. मावशींनी लांब दांड्याच्या फळीवर ठेवून आत सारला. सर्रर्र! चीज फुगलं. बुडबुड बुडबुड! कडा झाली खरपूस.

मिस्त्रींनी ताटली पुढे केली. "पहिला तुकडा मिस्त्रीला!"
मावशी म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या हो. पहिला तुकडा हिला. ढीग आधी हिचा होता!"
खरपूस कडेचा पहिला तुकडा झुपकीला मिळाला. कुर्रम कुर्रम!
दुसरा मिस्त्रींना. तिसरा मावशींना. ठमाबाईला पेरूचा पाला. कारण ठमाबाई म्हणाली, "तुमचं ते चिकट चिकट मला नको. बेंऽऽ!"

आणि तो शेपटीवाला दाणा?
त्याचं झालं रोप. रोपाला पिवळी पिवळी फुलं. आणि मातीखाली शेंगाच शेंगा!
झुपकीने एक शेंग उपटली. हलवली. खुळ्ळुक खुळ्ळुक. दोन दाणे.
दुसरी हलवली. खुळ्ळुक खुळ्ळुक. दोन दाणे.
तिसरी हलवली. खुळ्ळुक खुळ्ळुक खुळ्ळुक!
तीन दाण्यांची!

ती तिने कुठे लपवली?
ते फक्त झुपकीला माहीत.
पण वाळूत नाही, बरं का!

भट्टी निवली, ताटली पुसली,
आमची गोष्ट ढोलीत जाऊन बसली!