शेळीचं नाव तेवढं खरं

“म्हणजे आता कुणीबी वाचणार म्हणतोस?... अगदी कुणीबी?” केरोबाबांनी विचारलं.

“कुणीही, बाबा! ना वर्गणी, ना कुलूप. हातात फोन असला की झालं.” डॉक्टर श्रीरंग टिल्लूंनी कपाळाला हात लावला.

मनोविकारांवरच्या एका भारदस्त त्रैमासिकाचे ते संपादक. आजवर अंक वर्गणीदारांनाच वाचायला मिळे. बाकीच्यांना इंटरनेटवर नुसतं लेखाचं शीर्षक दिसे आणि त्याखाली कुलूप. आता संपादक मंडळातल्या तरुणांनी हट्ट धरला होता की अंक सगळ्यांना खुला करायचा, मागचे जुने अंकसुद्धा. उद्या बैठक होती आणि शेवटचा शब्द टिल्लूंचा होता.

म्हणून ते आपली पोपटी गाडी काढून डोंगरावर केरोबाबांच्या मठीत आले होते. त्या रंगाची गाडी अख्ख्या तालुक्यात दुसरी नव्हती. सल्ला मागायला आलो, असं ते म्हणत. खरं तर नकार त्यांनी घरीच पक्का केला होता. त्याला फक्त बाबांचा अंगारा लावून हवा होता.

“मग बिघडलं कुठं?” बाबा म्हणाले.

“सामान्य माणसाला हे झेपणार नाही, बाबा. लक्षणं वाचली की त्याला वाटतं, हे सगळं आपल्यालाच झालंय.”

“अन् आत्ता कोण वाचतं?”

“तज्ज्ञ.”

“त्यास्नी न्हाई वाटत तसं?”

डॉक्टर खाकरले. “त्यांना... ते दुसऱ्या तज्ज्ञाला झालंय असं वाटतं.”

डॉक्टरांनी घाईनं दुसरा मुद्दा काढला.

“शिवाय मान राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“हां... उघडून बघितलीस का कधी?”

हे काही डॉक्टरांना रुचलं नाही. एवढा घाट चढून आलेल्या माणसाला निदान ‘बरोबर आहे तुझं’ एवढं तरी म्हणावं!

तेवढ्यात बाबांची शेळी ओसरीवर आली.

“ये सरकार, ये. डॉक्टर लई अडचणीत हाय. तुझं काय मत?”

डॉक्टरांनी शेळीवरची नजर चटकन दुसरीकडं वळवली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

फार वर्षांपूर्वी ह्याच ओसरीवर बसून त्यांनी बाबांना निरखलं होतं आणि ‘शेळीचा सल्ला घेणारा प्रौढ पुरुष’ असा लेख लिहिला होता. भ्रमाचा उत्तम नमुना म्हणून तो गाजला. संपादकाची खुर्ची त्यांना त्याच्याच जोरावर मिळाली. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी रुग्णाची ओळख पुसली होती. नाव बदललं, गाव बदललं, टक्कल होतं तिथं जटा लावल्या. पण शेळी राहिली ‘सरकार’च. शेळीचं नाव बदलावं, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

कुलूप निघालं की खालचं गाव तो लेख वाचणार. कुणीतरी तो बाबांपर्यंत आणणारच. मग ह्या ओसरीवर पुन्हा यायचं ते कुठल्या तोंडानं? अख्ख्या जगात ह्या एकाच जागी त्यांना कुणी ‘सर’ म्हणत नसे, आणि ती जागा त्यांना फार प्रिय होती.

“बोल की,” बाबा म्हणाले. शेळीला म्हणाले की डॉक्टरांना, ते कळलं नाही.

“बाबा... एक लेख आहे. तुमच्यावर. मीच लिहिलाय.”

“मग वाच.”

डॉक्टरांनी फोन काढला. लेख सापडला. वर त्यांचंच नाव, आणि खाली कुलूप. ‘पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा.’ त्यांनी पासवर्ड म्हणून बायकोचं नाव घालून पाहिलं, मग कुलदैवताचं. कुलूप दोघांनाही बधलं नाही.

शेवटी फोन बाजूला ठेवून ते तोंडीच सांगू लागले. आधी ‘रुग्ण’ म्हणाले, मग ‘हा माणूस’ म्हणाले, आणि शेवटाला येईतो ‘तुम्ही’ म्हणू लागले. बाबा मधूनमधून हुंकार देत होते. सरकार डॉक्टरांच्या पिशवीचा बंद चघळत होती.

सांगून झालं...

“रागावलात, बाबा?”

बाबांनी टकलावरून हात फिरवला. “जटा बऱ्या दिसल्या असत्या मला.”

डॉक्टरांना आधी हुंदका आला आणि त्यातच हसू फुटलं. उरावरचा धोंडा उतरल्यासारखे ते भिंतीला टेकले.

“मग उद्या खुला करू, बाबा?”

बाबांनी वाकून शेळीच्या कानात काहीतरी विचारलं. शेळीनं मान हलवली.

“कर म्हणती. पण पुढल्या अंकात माझाबी एक लेख घाल.”

“तुमचा?... कशावर?”

“एक शिकलेला माणूस हाय. आपलाच लेख कुलपात घालतो, किल्ली हरवतो, अन् काय करू म्हणून इचारायला डोंगर चढून शेळीकडं येतो.”

डॉक्टर ताठ बसले. “बाबा... ओळख पुसाल ना पण त्याची?”

“पुसतो की. नाव बदलीन, गाव बदलीन...” बाबांनी वाकून उताराकडं पाहिलं.

“गाडी तेवढी पोपटी ठेवीन.”